दाराचा मान

कॉलेजच्या नाट्यमंडळात मी गेलो नट व्हायला. ऑडिशनमध्ये दोन वाक्यं बोललो, तेवढ्यात सर म्हणाले, "तुझे खांदे बरे आहेत रे." तेव्हापासून दार माझ्याकडे.

दार म्हणजे नेपथ्यातलं, चौकटीसकट. प्लायवूडला तपकिरी रंग फासला की आम्ही त्याला सागवान म्हणायचो. वर्षात नाटकं तीन आणि दार एकच. नट बदलले, दिग्दर्शक दोनदा रुसला. दाराला आणि मला मात्र बदली नव्हती.

मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची आमच्याकडची फेरी भर पावसात आली. कुडाळहून सावंतवाडीला टेम्पो निघाला. ताडपत्री एकच, ती दिग्दर्शकाने तबल्यावर घातली. दार भिजलं आणि फुगलं. एकांकिका चाळीतली, खोली तिसऱ्या मजल्यावरची. नायक बाहेरून ओरडला, "आई, दार उघड!" आई आतून ओढतेय, मी विंगेतून ढकलतोय, दार ढिम्म. चौथ्या हाकेला नायकाच्या आवाजात तालमीत कधी न आलेला कळवळा आला. शेवटी तो नेपथ्यातल्या भिंतीला वळसा घालून आत शिरला आणि जन्माचा कोकणी असल्यामुळे सहज बोलून गेला, "मागीलदाराने आलो."

तिसऱ्या मजल्याला मागीलदार! परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

माझे मामा दशावतारात काम करतात. रात्रभराचं नाटक, लिहिलेली संहिता नाही, नेपथ्य म्हणून एक बाकडं. माझी कहाणी ऐकून म्हणाले, "दार कित्याक व्हया तुमका? आमचो इंद्र बाकड्यार बसलो काय झालो स्वर्ग." मला हे पटलं. दिग्दर्शकाला सांगितलं, तर तो तिसऱ्यांदा रुसला.

दिवाळीनंतर तेच दार तुरुंगाचं झालं. तो प्रयोग धड झाला, त्यामुळे त्यातलं काही आठवत नाही.

गॅदरिंगला ते देवीच्या गाभाऱ्याचं. तोवर थंडीत सुकून इतकं आकसलं होतं की आपोआप उघडायचं. म्हणून मी आतून कडी धरून गुडघ्यांवर बसलो. घंटा वाजली की कडी सोडायची आणि अंधारात विंगेत पळायचं, म्हणजे मागची देवी दिसेल. अर्ध्या तासाने घंटा वाजली. कडी सोडली, पण दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या. दार उघडलं, झगझगीत प्रकाश पडला, आणि गाभाऱ्यात मी, घामाघूम, बनियनवर.

पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हात जोडले.