‘जंगल कमी, काजूच जास्त’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या भाड्याच्या बाइकवरून केलेल्या गोव्यातल्या सफरीबद्दल तुमची तक्रार चार गोष्टींची आहे : दूधसागरला बाइक नेऊ दिली नाही, जंगलाऐवजी काजूच्या बागांतून फिरवलं, टायरची हवा काढल्यामुळे पंक्चर झालं आणि डिपॉझिटमधून पैसे कापले. पुढची गिऱ्हाइकंही हे वाचतील, म्हणून उत्तर इथेच देतो.

दूधसागर धबधबा भगवान महावीर अभयारण्यात आहे. कुळ्याहून आत जायला नोंदणी केलेल्या जीप आहेत, भाड्याच्या दुचाकीला तिथे वाट नाही. ओढ्यातून बाइक घालणारा व्हिडिओ तुम्ही आमच्या पोराला दाखवलात. ज्याने तो काढला त्याचं तो बघेल. आम्ही बुकिंगच्या वेळीच नाही म्हटलं होतं.

म्हादई अभयारण्याचंही तेच. 1999 साली जाहीर झालेलं हे रान सुमारे 208 चौरस किलोमीटरचं आहे, आणि सत्तरी तालुक्यातला दाट झाडीचा डोंगर बराचसा त्यातच येतो. परवानगीशिवाय आत शिरलं तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. बाहेर जे उरतं तेच आमचं : जांभ्याचे सडे म्हणजे दगडी माळ, कुळागरांच्या (सुपारी-नारळाच्या बागांच्या) कडेने जाणाऱ्या पाणंदी, फेब्रुवारीत घोट्याइतकं पाणी राहिलेले व्हाळ म्हणजे ओढे आणि हो, काजूच्या बागा. त्या बागांना मालक आहेत, आणि ते आम्हाला जाऊ देतात म्हणून ही वाट आहे. बोंडं वेचणाऱ्या बायका वाटेत असल्या की इंजिन बंद करून थांबायचं, हे आमचं त्यांच्याशी ठरलेलं आहे. तुम्ही ज्याला ‘वेळ वाया घालवला’ म्हणता ते हेच. पडलेल्या बोंडांवरून चाक गेलं तर हुर्राकाचा (काजूच्या दारूचा) रस मातीत जातो आणि दुसऱ्या दिवशी आमच्या वाटेत काटेरी कुंपण पडतं. बरोबरच आहे त्यांचं.

सिगारेटसाठी गवतात गाडी लावू दिली नाही, हाही राग दिसतो. मार्च 2023 मध्ये म्हादईच्या रानात आगी लागल्या तेव्हा सत्तरीतले लोक डोंगर विझवायला धावले होते. तापलेला सायलेन्सर आणि सुकं गवत एकत्र येऊ द्यायचं नाही, म्हणून आम्ही उघड्या सड्यावरच थांबतो. तुम्ही रिव्ह्यूला लावलेला दरीचा फोटो त्याच थांब्यावरचा आहे. सुरेख आलाय.

आता हवा. सड्यावरचे सुटे खडे चाकाखाली बोरांसारखे घरंगळतात. टायर थोडा मऊ असला की जमिनीला जास्त टेकतो आणि पकड मिळते. मागचा एबीएसही (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंद करून देतो, कारण सुट्या खड्यांवर तो ब्रेक सोडत राहतो आणि गाडी लवकर थांबत नाही. पण आमच्या गाड्यांना तारांची चाकं आणि आत ट्यूब आहे. हवा फार उतरवली तर दगडावर आपटून रिम ट्यूबला चावते, म्हणून आम्ही 20 पीएसआयच्या खाली जात नाही. तुमच्या ट्यूबमध्ये खिळा निघाला. तो डांबरी रस्त्यावर, घाट उतरल्यावर घुसला; हवा तोवर पुन्हा भरलेली होती. पंक्चरचे पैसे आम्ही घेतले नाहीत, हे लिहायचं राहिलं वाटतं.

कापले ते क्लच लिव्हरचे. व्हाळात तुम्ही उभ्या उभ्या कलंडलात. सगळेच कलंडतात, त्यात लाज नाही. पण लिव्हर मोडली. भागाचं बिल तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, मजुरी लावलेली नाही. ही रक्कम परत मिळणार नाही.

दूधसागर राहिलाच असेल तर पावसाळा संपून जीप सुरू झाल्यावर या. रविवार टाळा आणि कुळ्याला सकाळी लवकर पोचा. बाइक आमच्याकडे ठेवलीत तरी चालेल, पार्किंगचे पैसे नाहीत.