पोस्टरशेजारी उभी

परिषदेला जाणाऱ्यांचे दोन वर्ग असतात. ज्यांना व्यासपीठावर बोलायला मिळतं ते एक, आणि ज्यांना ‘आपलं काम फार रोचक आहे, कृपया पोस्टर आणावं’ अशी ईमेल येते ते दुसरे. मी दुसऱ्यातली. पोस्टर म्हणजे आपलं संशोधन छापलेला भलामोठा तक्ता. पोस्टरवाल्याचे हाल घरापासूनच सुरू होतात. पोस्टरची ती लांब नळी विमानात डोक्यावरच्या कप्प्यात सरळ मावत नाही, तिरकी घातली तर शेजाऱ्याची बॅग बसत नाही आणि पायाशी ठेवली की हवाईसुंदरी येऊन ‘यात काय आहे?’ विचारते. ‘किडे’ असं उत्तर विमानात देऊ नये. हुशार लोक हल्ली कापडावर छापून आणतात, घडी घालून पिशवीत टाकतात आणि एसी जास्त झाला की पांघरतातसुद्धा. आमच्या सरांचा मात्र कागदावर विश्वास. कागद स्वस्त पडतो.

परिषद होती कीटक आणि त्यांचे खेकडे, कोळी, विंचू वगैरे भाऊबंद यांच्या जीनोमवर, म्हणजे त्यांच्या डीएनएतल्या सगळ्या मजकुरावर, आणि ती होती मॅनहॅटनला. हे मॅनहॅटन कॅन्ससमधलं. इथे गगनचुंबी इमारती नाहीत, आजूबाजूला गहू आणि गवताळ माळ आहे. न्यूयॉर्क ‘बिग ॲपल’, म्हणून या गावाला ‘लिटल ॲपल’ म्हणायची पद्धत आहे, म्हणजे गावकऱ्यांना विनोदाचं अंग आहे. मी आईला फोनवर नुसतं ‘मॅनहॅटनला चाललेय’ म्हटलं. संध्याकाळपर्यंत मिरजेतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला ते कळलं आणि मावशीचा मेसेज आला, ‘पुतळ्यासमोर उभी राहून फोटो काढ, हात वर करून.’ खुलासा करणार होते. पण सोसायटीच्या ग्रुपवर खुलासा केला की त्याचा आणखी एक खुलासा करावा लागतो. गप्प बसले.

तर या मॅनहॅटनशी माझं नातं पिठातून आलेलं. पिठात होतो तो बारका तांबडा किडा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम, त्याचा जीनोम 2008 साली ‘नेचर’मध्ये छापून आला. भुंगेऱ्यांच्या कुळातला तो पहिला जीनोम, आणि त्या कामात इथल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा मोठा वाटा होता. गव्हाच्या मुलखाने पिठातल्या किड्याची कुंडली मांडावी यात नवल नाही. आमच्या लॅबमध्ये हा किडा डब्याडब्यांनी पाळतात. त्याला ऑरगॅनिक गव्हाचं पीठ लागतं, त्यात पाच टक्के यीस्ट, आणि राहायला तीस अंशांची ऊब. मी स्वतः सेलमधलं पीठ आणते. अर्थात मी किड्याला हात लावत नाही. मी कॉम्प्युटरवाली. किडा माझ्याकडे येतो तो ए, टी, जी, सी ही डीएनएची चार अक्षरं होऊनच.

पहिल्या दिवशी मोठ्या लोकांची भाषणं झाली. 2000 साली फळमाशीचा जीनोम आला, मग डास, रेशीमकिडा, मधमाशी अशी रांगच लागली. 2011 मध्ये या मंडळींनी संकल्प सोडला, पाच वर्षांत पाच हजार कीटकांचे जीनोम. आपल्याकडच्या पंचवार्षिक योजनांची सवय असल्यामुळे तो वेळेत पुरा झाला नाही याचं मला काही वाटलं नाही. एका भाषणात टोळाचा जीनोम माणसाच्या दुप्पट असल्याचं कळलं. सभागृहात कुणाच्याही अहंकाराला धक्का लागलेला दिसला नाही. फळमाशीवाले तर वेगळेच लोक. जनुक बिघडलं आणि माशीला हृदयच आलं नाही, तर जनुकाचं नाव ‘टिनमॅन’, ‘विझर्ड ऑफ ओझ’मधल्या हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून. माशी थोडक्या दारूत आडवी झाली, तर ‘चीपडेट’. बारशाला यांच्यापैकी कुणाला बोलवू नये.

संध्याकाळी पोस्टरं. आधी टाचण्या. फळा असा कडक की टाचणी आत जायच्या ऐवजी अंगठ्यात जाते. वरचे दोन कोपरे बसवले की नळीत राहून राहून वळलेला कागद खालून उसळून वर येतो आणि आपल्याच निष्कर्षांची थप्पड तोंडावर बसते. मग दोन तास शेजारी उभं राहायचं. गणपतीत देखाव्याजवळ मंडळाचा कार्यकर्ता उभा असतो ना, येणाऱ्याला अफजलखान कुठला आणि महाराज कुठले ते सांगायला, अगदी तसं. लोकांचा डोळा प्रसादावर. इथे प्रसाद म्हणजे बिअर. तिचं कूपन गळ्यातल्या बिल्ल्यामागे खोचलेलं असतं.

पहिल्या गृहस्थांनी माझं पोस्टर थेट खालून वाचायला घेतलं. संदर्भांच्या यादीत स्वतःचं नाव शोधलं, ते सापडलं नाही, निघून गेले. दुसऱ्या बाईंनी विचारलं, ‘एन-फिफ्टी किती?’ जीनोम एकसंध मिळत नाही. त्याचे तुकडे मिळतात आणि ते कॉम्प्युटरने जुळवायचे असतात. जेवढ्या लांबीच्या किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांत निम्मा जीनोम येतो, ती लांबी म्हणजे एन-फिफ्टी. मी आकडा सांगितला. त्यांनी ‘हं’ केलं. या ‘हं’मध्ये पगार विचारून घेतल्यावरच्या ‘हं’ची सगळी छटा होती. नंतरच्या चौघांनीही तेच विचारलं. शेजारच्या पोस्टरवाल्याने काचेच्या नळीत जिवंत किडे आणले होते, त्याच्यापाशी हीऽऽ गर्दी. माझ्याकडे एकजण घाईघाईने आला तेव्हा मी सावरून उभी राहिले. त्याला बाथरूम हवं होतं.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. मिरजेत पहाटेचे साडेपाच, चहा झालेला.

“पुतळा कुठाय?”

“आई, मी कामात आहे.”

“मागे कसलं चित्र आहे ते? अगं, हा तर पिठातला किडा! एवढा मोठा?”

नेमके त्याच वेळी एक पांढऱ्या दाढीचे आजोबा थांबले. धान्यातल्या किड्यांमध्ये त्यांचा जन्म गेलेला. ही बाई काय म्हणतेय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आणि फोन त्यांच्या ताब्यात गेला. मी दुभाषी.

आई म्हणाली, गव्हात आधी होतात ते सोंडवाले. तांबडे मागाहून येतात, कणी झाली, भुगा झाला की. आजोबांचा चेहरा उजळला. अख्खा दाणा या तांबड्याला नीट फोडता येत नाही, आधी दुसऱ्याने फोडून द्यावा लागतो, हेच ते विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत होते. मग आईने उन्हात वाळवणं, एरंडेल चोळणं, कोठीत कडुनिंबाचा पाला घालणं हे सगळं सांगितलं. ते बिल्ल्याच्या मागच्या बाजूला लिहून घेत होते. शेजारची गर्दी आमच्याकडे सरकली. आपणही काही द्यावं म्हणून आजोबांनी सांगितलं, की या किड्याच्या मादीला विशिष्ट आरएनए टोचला तर जनुक तिच्या पिल्लांमध्येही बंद पडतं.

मी भाषांतर केलं.

“आईला टोचलं की पोरांना लागतं,” आई म्हणाली. “त्यासाठी कॉम्प्युटर लागतो का?”

हे मी इंग्रजीत आणलं तेव्हा हशा झाला आणि माझ्या पोस्टरसमोर वीसेक माणसं उभी असल्याचं मला दिसलं. मी लगेच आकृती दोनकडे बोट दाखवलं. कुणी पाहिलं नाही.

“त्यांना विचार,” आई म्हणाली, “पिठात होऊच नयेत म्हणून हे लोक काय करतात?”

आजोबा गंभीर झाले. लॅबमध्ये नवीन पीठ आलं की आम्ही आधी ते काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवतो, म्हणाले. अंडी, अळ्या, सगळं मरतं. घरीही चालेल.

“फ्रीजरमध्ये?” आईने फोन जवळ घेतला. पडद्यावर नुसतं कपाळ. “सांग त्यांना, जून चालू आहे. फ्रीजरमध्ये आंब्याचा रस आहे, पिठाला जागा कुठनं आणू?”

आजोबांनी रस म्हणजे काय ते विचारलं, आणि पोस्टर सेशनचा उरलेला वेळ त्यात गेला.