कल्पना नावाच्या बाईनं स्विच शोधला नाही, आणि निसारला छपराखालचं दिसत नाही

गेल्या महिन्यात तिसऱ्या वर्षाच्या एका मुलानं सेमिनारची पहिली स्लाइड लावली आणि मी ती लगेच ओळखली. तोच मजकूर आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर आणि निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर फिरून माझ्याकडे आला होता. मथळा होता ‘जगानं विसरलेले शोधक’. मजकूर थोडक्यात असा: नेटवर्कचा स्विच, म्हणजे संगणक केबलनं एकमेकांना जोडणारा डबा, कल्पना नावाच्या भारतीय स्त्रीनं शोधला. फायबर ऑप्टिक इंटरनेट नरिंदर सिंग कपानी यांनी एकट्यानं शोधलं आणि नोबेल मात्र दुसऱ्यानं नेलं. वायफाय हेडी लामार या हॉलिवूडच्या अभिनेत्रीचं. रडार जगदीशचंद्र बोस यांचं, आणि त्यांच्याच यंत्रावर आज उपग्रह रडारचित्रं काढतात. पूर्णपणे भारतात बनलेल्या निसार उपग्रहाला घराच्या छपराखालचं आणि जमिनीत १०० मीटर खोलवरचं दिसतं. आणि शेवटची ओळ: हे सगळं आपल्यापासून मुद्दाम लपवलं गेलं.

सेमिनार संपल्यावर तो मुलगा टेबलाशी आला. “हे खरं आहे ना जी, मॅडम? काकांनी पाठवलं होतं.”

मी १८ वर्षांपासून नागपुरात नेटवर्किंगची प्रयोगशाळा सांभाळते. तरी त्याला दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही, कारण यातलं एकही नाव खोटं नाही. माणसं खरी आहेत आणि मोठी आहेत. कोणी काय केलं, तेवढं चुकलं आहे. म्हणून एकेक दावा घेते.

“स्विच कल्पना नावाच्या स्त्रीनं शोधला.”

कल्पना हे कंपनीचं नाव. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी सिलिकॉन व्हॅलीत ती काढली आणि भारद्वाजांच्या पत्नीचं नाव तिला दिलं. १९८९-९० च्या सुमारास या कंपनीनं ७ पोर्टचा, म्हणजे ७ केबली लावता येणारा, ‘इथरस्विच’ आणला. इथरनेट म्हणजे केबलनं संगणक जोडायची पद्धत, आणि तिच्यासाठीचा अनेक पोर्टचा पहिला स्विच म्हणून तोच ओळखला जातो. १९९४ मध्ये नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोनं ही कंपनी विकत घेतली. म्हणजे भारतीय वंशाच्या एका अभियंत्याचा यात मोठा वाटा आहे, आणि मजकुरातून नेमका तोच गाळला गेला.

त्या डब्यानं काय बदललं हे समजायला थोडं मागं जावं लागतं. २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटचं टिपण लिहिलं. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी ते प्रत्यक्ष उभं केलं. सगळी यंत्रं एकाच जाड केबलवर, वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दोघं एकदम बोलले की टक्कर, मग दोघांनी थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. ही युक्तीसुद्धा मेटकाफ यांना शून्यातून सुचली नव्हती. नॉर्मन अब्रॅमसन यांनी हवाई बेटांवर रेडिओनं संगणक जोडणारं अलोहानेट उभं केलं होतं, त्यातून ती आली. पुढं सगळ्या केबली एकत्र आणणारा हब आला, पण हबही आलेला संदेश सगळ्या पोर्टांवर ओततो. यंत्रं वाढली की गर्दी वाढते आणि वेग सगळ्यांत वाटला जातो.

स्विच मात्र ऐकतो आणि लक्षात ठेवतो. कोणत्या पोर्टावरून कोणत्या पत्त्याची फ्रेम (संदेशाचं पाकीट) आली याची तो नोंद ठेवतो आणि पुढच्या वेळी त्या पत्त्याची फ्रेम फक्त त्याच पोर्टाला देतो. हे शिकणंही कल्पना कंपनीपासून सुरू झालं नाही. डेक या अमेरिकी संगणक कंपनीतल्या मार्क केम्फ यांनी १९८० च्या दशकातच दोन नेटवर्कं जोडणारा ब्रिज बनवला होता आणि तो पत्ते असेच शिकत असे. इथरस्विचनं हे काम अनेक पोर्टांवर एकाच वेळी केलं, आणि पूर्ण फ्रेम आत येण्याची वाट न पाहता सुरुवातीचा पत्ता वाचताच तिला पुढं सोडलं. ही खरी कमाई आहे आणि ती अशीच सांगायला हवी.

याच डब्याच्या इतिहासात खरोखर एका स्त्रीचं नाव आहे, आणि ते या मजकुरात कुठंच नाही याचं मला वाईट वाटतं. रेडिया पर्लमन. दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला मी एका साध्या स्वस्त स्विचमध्ये एकाच पॅच कॉर्डची (छोट्या नेटवर्क केबलची) दोन्ही टोकं लावायला सांगते. काही सेकंदांत सगळे दिवे एकत्र फडफडू लागतात आणि अख्ख्या लॅबचं नेटवर्क बसतं. कारण इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. सगळ्यांना उद्देशून सोडलेली एक फ्रेम त्या फेऱ्यात फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत तिच्या प्रती निघत राहतात. दुसरीकडे, एक केबल तुटली तरी काम चालू राहावं म्हणून मोठ्या नेटवर्कात जास्तीचे मार्ग तर ठेवावेच लागतात. हा तिढा पर्लमन यांनी १९८५ मध्ये डेक कंपनीत असताना सोडवला. ब्रिज आपसांत बोलून एक मूळ ठरवतात, त्यापासून झाडासारखी रचना करतात, जास्तीच्या फांद्या मिटून ठेवतात आणि एखादी फांदी तुटली की मिटलेली उघडतात. याला स्पॅनिंग ट्री म्हणतात. कॉलेजांत, बँकांत, इस्पितळांत भिंतीवर टांगलेल्या रॅकमधले स्विच आजही हेच तंत्र किंवा त्याची सुधारलेली रूपं वापरतात. वर्गातल्या मुलींना दाखवायला नाव हवं असेल तर हे दाखवा. हिनं केलेलं काम आपल्या हातानं मोडून आणि जोडून बघता येतं.

“फायबर कपानी यांचं, नोबेल दुसऱ्यानं नेलं.”

पंजाबातल्या मोगा इथं जन्मलेले कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याकडे संशोधन करत होते. जानेवारी १९५४ मध्ये दोघांचा निबंध ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेता येतं, हे त्यांनी दाखवलं. हे अंतर एक मीटरही नव्हतं. पोटात दुर्बीण घालून तपासणी करण्याच्या तंत्राचा पाया त्यातून घातला गेला. ‘फायबर ऑप्टिक्स’ हा शब्दही कपानी यांनीच रूढ केला. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

चार्ल्स काओ यांचा प्रश्न वेगळा होता: प्रकाश किलोमीटरभर का टिकत नाही? तेव्हाच्या काचेत एका किलोमीटरला साधारण १००० डेसिबल घट होत असे (दर १० डेसिबलला प्रकाशाचा दहावा भाग उरतो). १९६६ मध्ये काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धीचा आहे, आणि घट २० डेसिबलपर्यंत आणली तर फोनचं जाळं फायबरवर उभं राहील. २० डेसिबल म्हणजे किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरणं. १९७० मध्ये कॉर्निंग या काच कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ती मर्यादा ओलांडली. आजच्या फायबरमध्ये घट ०.२ डेसिबलच्या आसपास असते. नागपूर ते बुटीबोरी साधारण ३० किलोमीटर धरा: एकूण ६ डेसिबल, म्हणजे पाव भाग प्रकाश पलीकडे पोचतो. काओ यांच्या २० डेसिबलच्या काचेतून याच अंतरावर काहीच पोचलं नसतं. २००९ चं नोबेल काओ यांना या कामासाठी मिळालं. कपानी यांनाही ते मिळायला हवं होतं असं अनेकांना वाटतं, आणि त्यावर वाद जरूर घालता येईल. पण काओ यांनी कपानी यांचं काम चोरलं, हे म्हणणं साफ चूक आहे.

“वायफाय हेडी लामारचं.”

लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी पेटंट मिळालं, ते रेडिओनं चालणाऱ्या टॉर्पेडोसाठी. शत्रूला सिग्नल दाबता येऊ नये म्हणून ८८ फ्रिक्वेन्सींवर उड्या मारायच्या, पियानोच्या पट्ट्या असतात तेवढ्याच. युक्ती सुंदर होती, पण त्या युद्धात अमेरिकी नौदलानं ती वापरली नाही. ब्लूटूथ आजही अशा उड्या मारतं, म्हणून नातं जोडायचं तर तिथं जोडा. वायफायच्या १९९७ च्या पहिल्या मानकात उड्यांचा एक पर्याय होता, नंतरच्या वेगवान वायफायनं तो सोडून दिला. भिंतींवर आदळून येणाऱ्या प्रतिध्वनींचा गोंधळ निस्तरण्याचं महत्त्वाचं काम ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेत जॉन ओ’सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलं. ओ’सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्राकडचे, फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे संकेत शोधणारे. त्या शोधात हाती आलेलं फूरिये रूपांतराचं, म्हणजे गुंतलेला सिग्नल त्यातल्या फ्रिक्वेन्सींत उलगडण्याचं, गणित इथं उपयोगी पडलं. हे गणित लक्षात ठेवा, कारण रडारचित्रातही तेच लागतं.

“रडार बोस यांचं, आणि उपग्रह त्यांच्याच यंत्रावर चित्रं काढतात.”

बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात मिलिमीटर लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली. शिंगासारखा अँटेना आणि लहरी पकडणारा गॅलेना खनिजाचा खडा हे त्यांचं काम त्या काळाच्या फार पुढचं होतं. पण दूरवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी घेऊन ती ओळखणं हे वेगळं पाऊल आहे. ते ख्रिश्चन ह्युल्समायर यांनी १९०४ मध्ये जर्मनीत ऱ्हाइन नदीवर जहाजं ओळखून टाकलं. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ वॉटसन-वॅट आणि आर्नल्ड विल्किन्स यांनी विमान पकडून दाखवलं. यातल्या कोणीही चित्र काढलं नव्हतं. पडद्यावर दिसायचा तो फार तर ठिपका.

ठिपक्यापासून चित्रापर्यंतचा प्रवास मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून इथं थोडी रेंगाळते.

निसार साधारण ७४७ किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्याची थाळी, म्हणजे अँटेना, १२ मीटरची. रडारच्या लहरींचे लांबीनुसार एल, एस, सी असे पट्टे म्हणजे बँड असतात, त्यातली एल-बँडची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची. लहर भागिले थाळी गुणिले उंची हा साधा हिशेब केला तर जमिनीवर पडणारा ठिपका जवळजवळ १५ किलोमीटरचा येतो. अंबाझरीपासून पारडीपर्यंतचं अख्खं नागपूर एका ठिपक्यात! इतक्या जाड ब्रशनं चित्र निघणार कसं? बारीक ठिपक्यासाठी कित्येक किलोमीटर लांबीचा अँटेना हवा, आणि तो कोणी आकाशात नेऊ शकत नाही.

१९५१ मध्ये गुडइयर एअरक्राफ्ट कंपनीतल्या कार्ल वायली यांना वाट दिसली. अजनीच्या फलाटावर उभं राहून न थांबणारी गाडी ऐका. येताना शिट्टी चढी वाटते, जाताना उतरते. विमानातल्या रडारलाही तसंच ऐकू येतं: पुढच्या जमिनीचा प्रतिध्वनी किंचित चढा, मागच्या जमिनीचा किंचित उतरता. मग एकाच ठिपक्यातले प्रतिध्वनी या फरकावरून वेगळे काढता येतील. दुसऱ्या बाजूनं पाहा: अँटेना पुढं सरकत असताना जागोजागी घेतलेले प्रतिध्वनी जपून ठेवले आणि नंतर गणितानं एकत्र जुळवले, तर तो सगळा मार्गच एक लांबलचक अँटेना होतो. म्हणून याला सिंथेटिक अपर्चर म्हणजे कृत्रिम छिद्राचं रडार म्हणतात. जुळवायचं गणित पुन्हा फूरियेचंच. तेव्हाच्या संगणकांना ते झेपण्यासारखं नव्हतं. मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ आणि सहकाऱ्यांनी प्रतिध्वनी फिल्मवर उतरवले आणि प्रकाश व भिंगांकडून ते गणित करून घेतलं. १९५७ मध्ये चांगली चित्रं मिळू लागली. १९७८ मध्ये सीसॅट उपग्रहानं समुद्र आणि जमिनीची अशी चित्रं अवकाशातून घेतली. तो साडेतीन महिन्यांतच बंद पडला, पण त्याच्याच नोंदींवर संगणकानं चित्र बनवण्याची रीत बसली.

आपल्या विमानतळाजवळ हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे. तेच हे, असं काही जण समजतात. ते पावसाच्या थेंबांचा प्रतिध्वनी मोजतं, जमिनीचं चित्र काढत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठ बुडाला तेव्हा ढग कुठं कोसळतोय हे सांगणं त्याचं काम होतं. ढगाखाली पाणी किती पसरलं हे सांगणं चित्ररडारचं.

“निसार पूर्ण भारतीय, त्याला छपराखालचं आणि १०० मीटर खोलवरचं दिसतं.”

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ रॉकेटनं तो अवकाशात गेला. एल-बँडचं रडार आणि १२ मीटरची थाळी नासाची, एस-बँडचं रडार, उपग्रहाचा सांगाडा आणि प्रक्षेपण इस्रोचं. ही खरीखुरी भागीदारी आहे आणि तिच्यात कमीपणा काही नाही. आपलं स्वतःचं सी-बँड चित्ररडार हवं असेल तर २६ एप्रिल २०१२ रोजी गेलेल्या रिसॅट-१ चं नाव घ्या.

खोलीचं म्हणाल तर १९८१ मध्ये स्पेस शटलवरच्या रडारला सहारातल्या वाळूखाली गाडले गेलेले जुने नदीमार्ग दिसले होते. पण ती वाळू हाडासारखी कोरडी होती आणि खोली मीटर-दोन मीटरच्या घरातली. आपल्या विदर्भातल्या ओल्या काळ्या मातीत ही लहर काही सेंटिमीटरवरच विरते. स्लॅबमधल्या सळयांवर तर ती आदळून परत फिरते. शिवाय चित्रातला एक ठिपका काही मीटरचा असतो, त्यात माणूस वेगळा दिसणं शक्य नाही.

त्याला जे खरोखर दिसतं ते याहून मोलाचं आहे. दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवर येतो. दोन वेळी परत आलेल्या लहरींचे चढ-उतार एकमेकांशी जुळवून पाहिले की जमीन काही सेंटिमीटर खचली तरी कळतं. १९९२ च्या कॅलिफोर्नियातल्या लँडर्स भूकंपात हे जगानं पाहिलं. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला एक अख्खं घर जमिनीत गेलं. कोळशाच्या खाणींवर वसलेल्या आपल्या गावांना असं डोळ्यात तेल घालून बघणारं कोणी हवं आहे.

“हे सगळं मुद्दाम लपवलं.”

यातलं एक काम बराच काळ खरोखर लपलेलं होतं. वायली यांचं काम लष्करी गुपित होतं. त्यांच्या पेटंटचा अर्ज १९५४ चा आणि मंजुरी १९६५ ची. पण ते त्यांच्याच देशातल्या सामान्य माणसांपासूनही लपलेलं होतं. बाकी सगळी पेटंटं आणि निबंध आज उघडे आहेत. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची रडारचित्रं तर कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. त्या मुलाला मी तेच करायला लावलं. जुलैतल्या एका ढगाळ दिवसाचं चित्र त्यानं उघडलं आणि त्यात पेंचचं तोतलाडोह धरण शोधलं. शांत पाणी लहर आरशासारखी दुसरीकडे परतवतं, म्हणून ते चित्रात काळंभोर येतं. ढगांचा कुठं मागमूस नव्हता. त्यानं काठावरून बोट फिरवत विचारलं, “मॅडम, आपल्या नळाला येतं ते पाणी हेच ना?”