पीयूसी, एमओटी आणि माझी डिझेल

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादानं लिहिलं, 'बीएस-सिक्स म्हणजे युरो-सिक्सच. पुण्याची हवा गाड्यांनी बिघडते हे तुम्हा लंडनवाल्यांचं पालुपद.' खाली तीन अंगठे. त्यातला एक आईचा. राग मला त्या अंगठ्याचाच आधी आला.

बीएस-सिक्स ही गाडीच्या धुरावरची भारताची मर्यादा, युरो-सिक्स युरोपची. कागदावर दादा बरोबर आहे. १ एप्रिल २०२० ला भारतानं बीएस-फाइव्ह गाळून थेट सिक्स आणलं. पण कागद आणि रस्ता वेगळे, हे मी पैसे मोजून शिकलोय. २००१ पासून इथं ब्रिटनमध्ये वाहनकर कार्बन डायऑक्साइडवर ठरू लागला; डिझेलचा तो कमी, म्हणून शहाणी माणसं डिझेल घेऊ लागली. मीही घेतली. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं बिंग फुटलं. प्रयोगशाळेत गरीब गाय असलेली गाडी रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत सोडत होती. माझी गाडी वेगळ्या कंपनीची, पण त्या दिवसापासून तिच्या एक्झॉस्टकडे मी संशयानंच बघायचो.

म्हणून रस्त्यावर मोजा, एवढंच माझं म्हणणं. नव्या मॉडेलना ती चाचणी युरोपात २०१७ ला लागली, भारतात २०२३ ला. दिल्ली-गुरुग्रामला रस्त्याकडेला यंत्रं ठेवून, जाणाऱ्या गाडीच्या धुरातून प्रकाशकिरण सोडून एक लाखाहून जास्त गाड्या तपासल्या, तेव्हा बीएस-सिक्स टॅक्सी आणि टेम्पो खासगी गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडताना सापडले. पीयूसीत हे दिसणार कसं? तिथं पेट्रोलगाडी उभ्या जागी फुरफुरते आणि कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन मोजतात. डिझेलचा नुसता धूर बघतात.

हे सगळं दादाला ऐकवलं. त्यानं एका ओळीत विचारलं, 'तुमच्या एमओटीत मोजतात का नायट्रोजन ऑक्साइड?'

एमओटी म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी. शोधलं. नाही मोजत.

मग मी यूलेझ काढलं, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणारा लंडनचा पट्टा. २९ ऑगस्ट २०२३ ला ते हॅरोत आमच्या दारापर्यंत आलं, जुन्या डिझेलला दिवसाला साडेबारा पौंड. शहरानं हवेसाठी किंमत लावली, वगैरे मी ऐटीत लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही. गाडी भंगारात दिली असती तर दोन हजार पौंड मिळत होते. लंडनबाहेर, लेस्टरच्या एकानं अडीच दिले. ती आता तिकडे धूर सोडत असेल.

आणि दुसरी. मागच्या डिसेंबरात बाबांच्या स्कूटरची पीयूसी काढायला मीच गेलो होतो. व्हॅनमधल्या मुलानं नंबरप्लेटचा फोटो घेतला, नळी हातात धरली, स्कूटरच्या मागं एकदा नाचवली आणि प्रिंट काढली. दोन मिनिटं. उन्हात रांग नव्हती म्हणून मला बरंच वाटलं होतं. घरी येऊन चहा पिताना मी लंडनच्या हवेवर बोललो असेन.

काल दादाचा मेसेज आला. 'स्कूटरची पीयूसी संपतेय. तू येईपर्यंत थांबू, की काढून आणू?'

म्हटलं, आण काढून.