पावलं घरातून बाहेर गेली होती

गेले तीन रविवार आमच्या घरी मुलांच्या एकाच भयकथेवरनं भांडण चालू आहे आणि ते भांडण मला इतकं आवडलंय की आज सगळं लिहूनच काढायचं ठरवलंय. पोस्ट लांब होणार, सवडीनं वाचा.

बेळगावच्या शहापूरात आमच्याकडं दर रविवारी दुपारी गल्लीतली आणि आजूबाजूची पोरं जमतात. 8 ते 13 वयाची, या पावसाळ्यात 14 जण आहेत. काही मराठी शाळेतली, काही इंग्लिश मीडियमची, दोघं कन्नड घरातली. मी वाचते, ती ऐकतात, मग चहा-बिस्कीट, आणि मग पाठकोऱ्या कागदावर ज्याला जे वाटलं ते लिहायचं. नाव घालायचं नाही ही एकच अट.

जूनमध्ये मला रद्दीत मुलांचा एक जुना दिवाळी अंक मिळाला. मुखपृष्ठ नाही, अनुक्रमणिका नाही, आणि ज्या गोष्टीबद्दल मी बोलतेय तिचं पहिलं पान वरच्या बाजूनं फाटलेलं, म्हणजे गोष्टीचं नाव गेलं, लेखकाचंही गेलं. हिमालयातल्या एका उंच गावात एक घर, त्यात आई, आजी, एक मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. बाप खाली बाजाराला गेलाय आणि बर्फ पडून रस्ता बंद झालाय. पहिल्या सकाळी ओढ्यापाशी मोठी पावलं दिसतात. दुसऱ्या सकाळी अक्रोडाच्या झाडाखाली. तिसऱ्या सकाळी गोठ्याच्या भिंतीला लागून. चौथ्या रात्री घरातले सगळे दाराला अडसर लावून चुलीपाशी जागे बसतात, काहीच होत नाही, उजाडतं, मुलगा दार उघडतो. बाहेर पावलं आहेत. पण येणारी नाहीत. उंबऱ्यापासून निघून डोंगराकडं गेलेली आहेत. संपली गोष्ट.

मी वाचत होते तेव्हा आपला जुलैचा पाऊस, पन्हाळीतनं धो धो पाणी, आणि गोठ्याची भिंत आली तेवढ्यात लाईट गेली. मोबाईलच्या टॉर्चवर शेवटची दोन पानं वाचली. शेवटचं वाक्य वाचून अंक मिटला तर कुणी हललं नाही. एरवी बिस्किटांवर झडप घालणारी पोरं, पण त्या दिवशी ताटली तशीच. मग कोपऱ्यातनं एक आवाज आला, "म्हंजे तो आत होता?" आणि जो गलका सुरू झाला तो अजून थांबलेला नाही.

गोष्टीत त्याला 'हिमराक्षस' म्हणलंय. पोरांना तो शब्द जड झाला असावा, पहिल्या दहा मिनिटांत त्याचा 'बर्फोबा' झाला. म्हसोबा, खंडोबा, बर्फोबा. मला हे नाव ऐकून फार बरं वाटलं, कारण बर्फ न बघितलेल्या पोरांनी तो राक्षस आपल्या गल्लीत आणून बसवला होता. आपल्याकडं बर्फ म्हणजे काय, वळवाच्या गारा, गोळेवाल्याची लादी आणि फ्रीजर, एवढंच. एका पोरानं पुढच्या रविवारी येऊन सांगितलं की त्यानं फ्रीजरमध्ये हात घालून शंभरपर्यंत मोजायचं ठरवलं होतं आणि साठाला काढला, "बोटं माझी हायत का नाहीत तेच कळंना." मला वाटतं वाचणं म्हणजे हेच.

आता चिठ्ठ्यांबद्दल. माझ्याकडं सगळ्या जपून ठेवल्यात. एकीनं लिहिलंय, "गोष्ट लई भारी आहे. मला झोप आली नाही. परत वाचा." ही तीन वाक्यं एकाखाली एक. एकानं लिहिलं की त्याला अजिबात भीती वाटली नाही, आणि त्याच्या बहिणीनं आपल्या चिठ्ठीत लिहिलं की हा रात्री परसात जाताना मला उठवतो. कन्नड घरातला एक मुलगा आहे, मराठी सावकाश वाचतो, त्यानं अर्धी चिठ्ठी मराठीत लिहून शेवटी देवनागरीतच 'अंजिकि बंतु' लिहिलं. भीती वाटली. त्याला 'भीती' हा शब्द येतो, दहा वेळा ऐकलाय त्यानं, पण खरी भीती वाटली तेव्हा हात घरच्या शब्दाकडं गेला. ती चिठ्ठी मी कितीदा तरी काढून बघितलीय. भीती माणसाला आपल्या भाषेतच वाटते, आणि म्हणून मराठी पोरांना मराठीतनं भीती वाटायची सोय पाहिजे असं मी इतक्या कळकळीनं म्हणते. इंग्लिशमध्ये त्यांना ढिगानं भुतं मिळतात, मोबाईलवर तर विचारूच नका.

दुसऱ्या रविवारी एक मुलगा उठला आणि म्हणाला मी दाखवतो. व्हरांड्यात गेला, पागोळ्यांत पाय भिजवले आणि आमच्या शहाबादी फरशीवर उलटा चालत आत आला. आत आल्यावर सगळ्यांना म्हणाला, आता बघा. फरशीवर पावलं बाहेर जाणारी! बर्फोबा उलटा चालत आत आला, हे त्याचं म्हणणं. बाकीचे गुडघ्यावर बसून ओली पावलं तपासायला लागले, एकीचं म्हणणं उलटं चालताना चवडा आधी टेकतो, तिथं पाणी जास्त उमटतं, म्हंजे नीट बघितलं असतं तर कळलं असतं. पण तो आत आला असेल तर अडसर कुणी काढला? पुन्हा भांडण.

आणि मग एक 10 वर्षांची मुलगी, एरवी बोलतच नाही ती, म्हणाली, "अक्का, शेवटी आजी कुठं हाय?"

मी अंक उघडला. चौथ्या रात्री चुलीपाशी आई, आजी, बहीण आणि मुलगा बसलेत असं लिहिलंय. सकाळी दार उघडलं तेव्हा मुलगा पुढं आहे, मागं आई, आईचा पदर धरून बहीण. आजीचं नाव नाही. शेवटचं दीड पान आजीचा एक शब्द नाही. ही गोष्ट मी एकटीनं दोनदा आणि पोरांसमोर दोनदा वाचली होती आणि मला हे दिसलं नव्हतं. माझ्या हातावर काटा आला, खरंच सांगते. मग सगळी मागं जाऊन आजी शोधायला लागली. आजी पहिल्या दिवशी पावलं बघून काही बोलत नाही. आजी रात्री चुलीपासनं लांब बसते. आजीला थंडी वाजत नाही! एकेक वाक्य सापडत गेलं तशी पोरं ओरडत होती.

खरंच असतो का, हे पण विचारलं अर्थातच, आणि मी माहीत होतं तेवढं खरं सांगितलं. 1951 मध्ये एरिक शिप्टन या गिर्यारोहकानं हिमालयात मोठ्या पावलाचा फोटो काढला, शेजारी बर्फ फोडायची कुऱ्हाड ठेवून, तो जगभर गाजला. एव्हरेस्टवर गेलेल्या हिलरीनं 1960 मध्ये मोहीम काढली, नेपाळातल्या खुमजुंगच्या मठात जपलेली यतीची, म्हणजे हिमालयातल्या दंतकथेतल्या हिममानवाची, म्हणून दाखवतात ती कवटीवरची कातडी तपासायला नेली, ती सेरो नावाच्या डोंगरी जनावराच्या कातड्याची निघाली. 2017 मध्ये यतीचे म्हणून जपलेले केस, हाडं, दात असे 9 नमुने डीएनए काढून तपासले, 8 अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. आणि 2019 मध्ये आपल्या आर्मीनं मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळच्या पावलांचे फोटो यतीची पावलं म्हणून टाकले होते, 32 बाय 15 इंच. हे ऐकल्यावर पोरांनी पट्टी मागितली, खडूनं व्हरांड्यात तेवढं पाऊल काढलं आणि आमच्यातली सगळ्यात धाकटी त्यात मांडी घालून बसली. मावली.

अस्वल म्हणल्यावर मला वाटलं पोरं हिरमुसतील. तर ज्याचं आजोळ खानापूरकडं जंगलाला लागून आहे तो म्हणाला, "अस्वल काय कमी हाय काय? आमच्या मामाच्या गावात अंधार पडल्यावर शेताकडं एकटं कोण जात न्हाई." भीमगडच्या जंगलाच्या त्या पट्ट्यात अस्वलांनी माणसं फाडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मग मी विचारलं, अस्वलाची भीती आणि बर्फोबाची भीती सारखीच काय? थोडा विचार करून म्हणाला, "अस्वलाची भ्या वाटली की पळावंसं वाटतंय. बर्फोबाची वाटली की पुढं ऐकावंसं वाटतंय." कागदावर लगेच लिहून घेतलं मी ते.

तिसऱ्या रविवारी एका पोराचे आजोबा त्याला न्यायला आले. फौजेतनं रिटायर झालेले. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, तालुक्यातल्या गावागावात फौजी, त्यामुळं बर्फ बघितलेली माणसं आपल्याकडं भरपूर आहेत, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. आजोबा पायरीवर बसून ऐकत होते. पोरांनी त्यांचं पण मत मागितलं. ते म्हणाले गोष्ट लिहिणाऱ्यानं एक चुकवलंय आणि एक बरोबर लिहिलंय. चुकलं ते असं की रात्री राक्षसाच्या पावलांचा धप धप आवाज येतो म्हणून लिहिलंय, ताज्या बर्फात असा आवाज येत नाही, आवाज त्यात मुरतो, आपण ओरडलो तर आपलाच आवाज आपल्याला लांबचा वाटतो. आणि बरोबर काय, तर रोज थोडं जवळ येणं. बर्फ असाच येतो म्हणाले. मग त्यांनी पोरांना हणमंतप्पा कोप्पद यांच्याबद्दल सांगितलं. धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे लान्स नायक, 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचेनमध्ये चौकीवर बर्फाचा कडा कोसळला, 10 जवान गाडले गेले, 25 फुटांहून जास्त बर्फाखाली सहा दिवसांनी कोप्पद जिवंत सापडले. 11 तारखेला दिल्लीत वारले. तेव्हा आपल्या भागात घरोघरी लोक टीव्हीसमोर बसून प्रार्थना करत होते, मोठ्यांना आठवत असेल. पोरं एकदम गप्प झाली. ही गप्प वेगळी होती, लाईट गेली तेव्हाची नव्हे. मी मध्ये बोलले नाही, आजोबांनी पण पुढं काही जोडलं नाही.

त्या संध्याकाळी एका आईचा फोन आला. मुलगी रात्री दचकून उठते, असलं का वाचून दाखवता, शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगा की. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं कारण रात्री लेकराला उराशी धरून बसणारी ती आहे, मी नव्हे. त्यांना म्हणलं पुढच्या रविवारी तुम्ही पण या, शेजारी बसा. पण गोष्ट बंद करणार नाही असंही सांगितलं. मागं एका शाळेत मी ही असली गोष्ट वाचू का विचारलं तेव्हा पहिला प्रश्न आला, यातनं बोध काय? बोध नाही हो! गोष्ट वाचून झाल्यावर मुलाला 'बोध काय' विचारणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला व्हिटॅमिन किती मिळाले विचारण्यासारखं आहे. 'भीती कुठं वाटली?' हे विचारून बघा. आजी कुठंय हे बोध शोधणाऱ्याला कधीच दिसलं नसतं.

माझ्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, कर्नाटकात दारादारांवर 'नाळे बा' लिहायची लाट आली होती. रात्री एक बाई ओळखीच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की माणूस खलास, म्हणून दारावर कन्नडमध्ये 'उद्या ये' लिहायचं. आमच्या शेजारच्या काकूंनी खाली मराठीत पण लिहून घेतलं होतं. आम्हाला कुणी गोष्ट म्हणून ते सांगितलं नाही, मोठीच माणसं घाबरलेली होती, आणि ती भीती आम्ही एकटीएकटीनं गोधडीत घेऊन झोपलो. कितीतरी वर्षं संध्याकाळनंतर आईनं हाक मारली तरी मी दोनदा ऐकल्याशिवाय ओ दिली नाही. त्या भीतीला सुरुवात-शेवट नव्हता. बर्फोबाला आहे, शेजारी बाकीचे तेराजण आहेत, संपल्यावर चहा आहे.

मराठीत हे करणारे झाले नाहीत असं नाही. रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या आणि मुलांच्या रंगभूमीवर चेटकीण पण आणली, पोरं थिएटरात किंचाळायची आणि खुश व्हायची. नारायण धारप आम्ही लायब्ररीतनं मोठ्यांच्या कार्डावर लपून आणायचो. पण खास 10-11 वर्षांच्या पोरासाठी, त्याला कमी न लेखता लिहिलेली भयकथा आज दुकानात मागितली की शोधाशोध होते.

गोष्ट निर्दोष आहे असं म्हणत नाही मी. आई अगदी कागदी आहे, सारखी "बाळांनो, धीर धरा" एवढंच म्हणते. बहिणीला काही कामच नाही, मुलींनी हे चिठ्ठ्यांत लिहिलंय आणि बरोबर लिहिलंय. आवाजाची चूक तर आजोबांनी धरलीच.

आता विनंती. पोरांमध्ये दोन तट आहेत. लेखकानं आजीला शेवटी मुद्दाम गाळलं असं 9 जणांचं म्हणणं, लेखक विसरला असं 5 जणांचं. हे लेखकालाच विचारायचं ठरलंय, 14 चिठ्ठ्या एका पाकिटात घालून तयार आहेत, वर पत्ता नाही. गोष्ट पान 41 ते 56 वर आहे, चित्रं फक्त निळ्या शाईत, गोठ्याच्या भिंतीशेजारच्या पावलांचं चित्र पूर्ण पानभर, शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात एक कंदील. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजोळी असा अंक असेल तर मुखपृष्ठाचा आणि पान 41 चा फोटो काढून पाठवा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या जुन्या वाचनालयांत कुणी काम करत असेल तर प्लीज एकदा कपाट बघा. रविवारी पोरं आल्या आल्या पहिलं तेच विचारतात.