‘प्रश्नावली द्या, मुलाखत कशाला?’ : मनोविकार विभागातल्या पोस्टिंगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

मनोविकार विभागातल्या पोस्टिंगमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांना पेशंटची मुलाखत घ्यायला शिकवावं, या माझ्या म्हणण्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, बरं झालं. तुमचे आक्षेप तीन. पुढे हाडांचे किंवा डोळ्यांचे डॉक्टर होणाऱ्यांना तासभर मुलाखत घ्यायला शिकवण्यापेक्षा पीएचक्यू-९ ही नैराश्य चाचपायची प्रश्नावली आणि दहा-बारा औषधांची नावं पुरेत. मेंटल स्टेट एक्झामिनेशन (पेशंटचं वागणं, बोलणं, भावना, विचार यांची पद्धतशीर तपासणी) म्हणजे एकमेकांच्या वहीतून उतरवलेले शब्द. आणि आत्महत्येचा विषय नवख्या विद्यार्थ्याने काढणं धोक्याचं.

दुसरा आक्षेप अर्धा मान्य, म्हणून आधी तोच घेतो. ‘अफेक्ट ब्लंटेड, डिल्युजन आहेत, इनसाइट नाही’ (म्हणजे भावना चेहऱ्यावर उमटत नाहीत, पक्के खोटे समज आहेत, आजाराची जाण नाही) ही ओळ कुठल्याही पेशंटच्या कागदावर खपून जाते, हे खरंच आहे. पण त्यात दोष तपासणीचा नाही. निरीक्षणाच्या आधी निष्कर्ष लिहायची सवय लागते, तिथे बिघडतं. पहिले काही दिवस तांत्रिक शब्दांना सरळ बंदी घालावी. विद्यार्थ्याने लिहायचं ते असं : ‘उत्तर यायला सात-आठ सेकंद लागतात. आवाज इतका हळू, की वाकून ऐकावं लागतं. मुलीचा विषय निघाला तरी चेहरा हलला नाही. म्हणाले, “पोलीस माझ्या मागावर आहेत.” कशावरून? “टीव्हीवरची बाई माझ्याकडे बघून हसली, तेव्हाच कळलं.”’ शब्द पेशंटचे, जसेच्या तसे. नाव द्यायचं ते नंतर. ‘कशावरून’ न विचारता डिल्युजन लिहून मोकळा होणारा विद्यार्थी, ज्याच्यावर खरोखरच पोलीस केस चालू आहे त्याच्याही कागदावर तेच लिहील. इनसाइटचंही तसंच. काही बिघडलंय असं वाटतं का, ते आजारामुळे वाटतं का, आणि उपचार हवेत का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ म्हणणारे पेशंट कितीतरी भेटतात. ‘इनसाइट नाही’ या दोन शब्दांत ते हरवतात.

आता प्रश्नावली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले, तर नीट तपासायचं. म्हणजे ही चाळणी आहे, निदान नव्हे. झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालीतला मंदपणा किंवा अस्वस्थता हे ९ पैकी ५ प्रश्न शारीरिक आजारातही ‘हो’ येतात. त्यांचेच १५ गुण होतात. हृदय कमजोर झालेला किंवा थायरॉइड कमी असलेला माणूस अजिबात उदास नसताना १० ओलांडू शकतो. शिवाय पूर्वी मॅनिया (अति उत्साहाचा आजारी काळ) येऊन गेला का, हे ती विचारतच नाही. बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि मॅनिया दोन्ही येणाऱ्या, पेशंटला नुसतं नैराश्याचं औषध सुरू केलं, तर त्यातून मॅनिया उसळू शकतो. म्हणून तोंडीच विचारावं लागतं : ‘झोप दोन-तीन तासच, तरी थकवा नाही, बोलणं, खर्च, बेत सगळंच वाढलंय, असे सलग काही दिवस कधी आले होते का?’ हाच प्रश्न नातेवाइकांनाही विचारायचा, कारण पेशंटला ते दिवस बहुधा छान गेले असंच वाटत असतं.

हाडांच्या डॉक्टरचं उदाहरण तुम्हीच दिलंत, तर तेच धरू. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आजोबा गप्प पडून आहेत, जेवत नाहीत, बोलत नाहीत. मनोविकार विभागाला बोलावणाऱ्या चिठ्ठीवर लिहून येतं, ‘डिप्रेशन?’ बऱ्याचदा तो शांत प्रकारचा डिलिरियम, म्हणजे शारीरिक बिघाडामुळे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, असतो. हे ओळखायचं तीन गोष्टींवरून : सुरुवात काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत, दिवसभरात चढउतार, आणि लक्ष न टिकणं. वार उलटे म्हणायला सांगा. रवी, शनी, शुक्र... आणि गाडी अडते, नाहीतर पुन्हा सुलट सुरू होते. मग ऑक्सिजन, साखर, सोडियम, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी आणि औषधांचा चार्ट बघायचा. मानसोपचाराची गोळी सुरू केली, तर मूळ कारण तसंच राहतं.

औषधांच्या नावांनी तर आणखीच फसगत होते. लिथियम (बायपोलर आजारावरचं औषध) चालू असलेल्या पेशंटला गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या कोण लिहितं? मनोविकारतज्ज्ञ नव्हे. या गोळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं. मग हाताला जाडा कंप, उलट्या, झोकांड्या. हॅलोपेरिडॉल (भास-संशयावरचं औषध) दिल्यावर पेशंट येरझाऱ्या घालू लागला, तर चार्टवर ‘ॲजिटेटेड’ (अस्वस्थ, खवळलेला) लिहिलं जातं, डोस वाढतो आणि येरझाऱ्याही वाढतात. ‘ही बेचैनी मनात आहे की पायांत?’ एवढं विचारलं असतं, तर अकॅथिशियाचा, म्हणजे औषधामुळेच पाय स्वस्थ न बसू देणाऱ्या बेचैनीचा, संशय तरी आला असता.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल मतभेद स्पष्टच आहे. विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजतो, असं संशोधनात आढळलेलं नाही. गोंधळ होतो तो विचारण्याच्या पद्धतीत. ‘तसलं काही मनात येत नाही ना?’ असं विचारलं की ‘नाही’ ठरलेलंच. पायऱ्यांनी जायचं : पुढचं सगळं अंधारलेलं वाटतं का, जगू नये असं वाटतं का, जीव संपवायचा विचार आला का, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न केला होता का, आणि आजवर कशामुळे थांबलात. तुमच्या भीतीत तथ्य आहे ते ‘हो’ आल्यानंतर. म्हणून पहिल्या मुलाखतीआधीच हे पाठ हवं : ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द द्यायचा नाही, पेशंटला एकटं सोडायचं नाही, वॉर्ड सोडण्याआधी सीनियरला तोंडी सांगायचं आणि केसपेपरवर वेळेसह लिहायचं.

राहिला तासाचा प्रश्न. नवख्याला पूर्ण मुलाखत देऊच नये. आज फक्त झोप आणि मूड, उद्या फक्त भास आणि संशय, वीस मिनिटं, पेशंटची परवानगी घेऊन. त्यातली दहा मिनिटं तरी सीनियरने शेजारी बसून बघायला हवीत, नाहीतर चुकीचा प्रश्न चुकीच्याच सुरात पक्का होतो. विद्यार्थ्यांना नुसतं वॉर्डात सोडून देणाऱ्या विभागांना तुमची टीका जशीच्या तशी लागू पडते.