इमान नेमके कुणाचे मोजायचे?

निफाड तालुक्यात आमचा मळा आहे. सहा वर्षांपूर्वी, ऊसतोड चालू असताना, एका रात्री वस्तीवरच्या मोत्याला बिबट्याने नेले. सकाळी साखळी पडवीच्या खांबाला तशीच होती आणि तुटलेला पट्टा अंगणाच्या कडेला, द्राक्षबागेच्या पहिल्या ओळीपाशी पडला होता. पुढचे काही दिवस आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक येऊन बसत आणि म्हणत, "फार इमानी कुत्रं होतं हो." ते खरेच होते. पण दर वेळी माझी नजर त्या खांबाकडे जाई, कारण रात्री तो ऊसतोड मजुरांच्या बैलांवर धावून जातो, म्हणून त्याला मीच बांधले होते.

तेव्हापासून 'इमान' हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. कुत्रा आणि माणूस यांच्या नात्याविषयी आपण जे बोलतो, त्यातले बहुतेक सगळे कुत्र्याच्या बाजूचे असते. तो राखण करतो, वाट पाहतो, अन्नाला जागतो. माणसाच्या बाजूला काय आहे, याचा हिशेब क्वचितच कुणी मांडतो. आपली भाषाही मोठी गमतीची आहे. खंडोबाबरोबर कुत्रा चालतो, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात आणि त्यांना चार वेद मानले जाते. आणि त्याच भाषेत एखाद्याची दैना सांगायची झाली तर 'त्याचे हाल कुत्रा खात नाही' असे आपण म्हणतो.

महाभारतातला स्वर्गाच्या दारातला कुत्रा सर्वांना ठाऊक आहे. त्याला सोडून स्वर्गात येणार नाही, असे धर्मराज म्हणतो. मला मात्र त्याच ग्रंथाच्या आरंभी, आदिपर्वात येणारी कुत्र्याची गोष्ट अधिक बोचते. जनमेजयाच्या यज्ञाच्या ठिकाणी सरमा या देवशुनीचे पिल्लू येते. ते हविर्द्रव्याला तोंड लावत नाही, तिकडे पाहतही नाही. तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जाते आणि सरमा येऊन जाब विचारते की, माझ्या मुलाने अपराध केला नसताना त्याला का मारले? कुणीही उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते की तुमच्यावर अकल्पित भय ओढवेल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दाराशीच कुत्रीने माणसाला विचारलेला प्रश्न उभा आहे, आणि राजसभेकडे त्याचे उत्तर नाही.

माणसाच्या इमानाचा एक फार जुना पुरावा मात्र सापडलेला आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे 1914 मध्ये दगडाच्या खाणीत काम करताना एक दफन उघडे पडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्रा होता. हे दफन सुमारे 14 हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्या कुत्र्याच्या दातांचा अलीकडे पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते आणि त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता. हा रोग आजही लस न दिलेल्या पिल्लांना पटापट नेतो. ते पिल्लू आजारी पडूनही काही आठवडे जगले, आणि कुणी अंगाखांद्यावर घेऊन, पाणी पाजून, ऊब दिल्याशिवाय हे शक्य नव्हते, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. त्या अवस्थेत ते ना शिकारीला उपयोगी होते, ना राखणीला. तरीही त्या माणसांनी ते सांभाळले. शेतीचा शोध लागायच्या आधीची ही गोष्ट आहे. गाय, शेळी, घोडा हे सगळे आपल्याकडे फार नंतर आले.

आता आपल्याकडचे पाहू. शेजारच्या अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या शेतीच्या मुलखात बिबट्याच्या आहारातील 87 टक्के वाटा, वजनाच्या हिशेबाने, पाळीव प्राण्यांचा निघाला. आणि त्यात सर्वांत मोठा, 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा होता. मी हे आकडे प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. उसात बिबट्या राहतो, तिथेच त्याची पिल्ले होतात, आणि तोड आली की तो वस्त्यांच्या आणखी जवळ येतो, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. हे माहीत असताना आपण कुत्र्याला रात्री उघड्यावर साखळीने बांधतो आणि त्याला राखण म्हणतो. मोकळा कुत्रा निदान पळू तरी शकतो, ओट्यावर चढू शकतो, दारावर पंजे मारू शकतो. बांधलेला कुत्रा फक्त भुंकतो, आणि त्याचे भुंकणे ऐकून आपण सावध होतो. हा सौदा कुणाच्या फायद्याचा आहे, ते वेगळे सांगायला नको.

मी वर्षातले बहुतेक दिवस नाशिकला इंदिरानगरात राहतो. तिथे प्रश्न वेगळा दिसतो, पण मूळ तेच आहे. आमच्या गल्लीत पाच कुत्री आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी आपला आधीचा आदेश बदलून, निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री, रेबीज झालेली किंवा हिंस्र असलेली वगळता, उचललेल्या जागीच परत सोडावीत आणि त्यांना खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, असे सांगितले. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतून कुत्री हटवून ती पुन्हा तिथे सोडू नयेत, असाही आदेश दिला. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत दोन तट पडतात. एका तटाला कुत्री नजरेसमोर नको आहेत, पण घंटागाडीची वाट न पाहता कोपऱ्यावर खरकट्याची पिशवी टाकणारे हात त्याच तटात आहेत. दुसरा तट रोज संध्याकाळी दूधपोळी घालतो, फोटो काढतो, आणि लसीचे नाव काढले की "ते महापालिकेचे काम आहे" म्हणून मोकळा होतो. खरे सांगायचे तर मला या दुसऱ्या तटाचा राग अधिक येतो, कदाचित मीही बरीच वर्षे त्यातच होतो म्हणून असेल.

भीती खोटी नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ सर्व रेबीज कुत्र्याच्या चाव्यातून होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी कुत्र्यांविषयी ओरड केली तर त्यांना निर्दय म्हणण्याचा अधिकार मला नाही. चावा लागताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे, यात चालढकल चालत नाही. हळद, चुना, मिरची यांची जागा स्वयंपाकघरात आहे. पण हाच रोग कुत्र्याला लस देऊन रोखता येतो, आणि ती लस टोचायची तर कुत्रा माणसाच्या हाताला लागला पाहिजे. तो हाताला कुणाच्या लागतो? रोज त्याच्याशी बोलणाऱ्याच्या. दूधपोळीची जबाबदारी इथून पुढे सुरू होते, असे माझे मत आहे.

कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाने रस्त्यावरच्याच कुत्र्यांवर प्रयोग केले. 2017 मध्ये त्यांनी दाखवले की अनोळखी माणसावर विश्वास बसायला पुन्हा पुन्हा दिलेल्या खाण्यापेक्षा पुन्हा पुन्हा मायेने फिरवलेला हात अधिक उपयोगी पडतो. मालक नसलेल्या, रोज हाडतूड ऐकणाऱ्या कुत्र्यांविषयीची ही गोष्ट आहे. म्हणजे 'भाकरीला जागतो' हे आपले जुने विधानही अर्धेच खरे असावे.

गेल्या महिन्यात आम्ही तिघा शेजाऱ्यांनी गल्लीतल्या पाचही कुत्र्यांना लस टोचून घेतली. चार सहज धरली गेली. पाचवीने, जी कुणाच्याच दूधपोळीला येत नाही, आम्हांला तीन रविवार फिरवले. शेवटी ती कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांच्या मांडीवर डोके ठेवून उभी राहिली. ते तिला रोज फक्त "काय गं" म्हणतात, खायला कधी घालत नाहीत.

मळ्यात आता राणी नावाची कुत्री आहे. ती गावठीच आहे, कानाने मोत्यासारखी. आमच्या आईने आयुष्यभर कुत्र्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिले नव्हते. तिचे सोवळे आणि तिचा झाडू या दोन्हींपुढे कुणाचे काही चालत नसे. यंदा ऊसतोड सुरू झाली त्या संध्याकाळी मी साखळी शोधत होतो. ती सापडेना. आईला विचारले, तर तिने काही न बोलता दाराच्या आतल्या बाजूला गोणपाट अंथरले, राणीला हाक मारली आणि मला म्हणाली, "कडी लाव."